चौकातला फलक

थकबाकीदारांना लाज वाटावी म्हणून महापालिकेनं चौकात त्यांच्या नावांचा फ्लेक्स लावला. पहिलंच नाव शेजारच्या बलभीमचं, बाकी अकरा लाख! दरवर्षी एप्रिलातच घरपट्टी भरणारे आबासाहेब गालातल्या गालात हसले.

पण त्यांच्या थोरल्याला बघायला मोहोळहून निघालेले मुलीकडचे पाहुणे फ्लेक्स वाचून थेट बलभीमच्या घरात शिरले, अन् त्याच्याच पोराशी सोयरीक जमवून उठले. "पट्टीच अकरा लाख थकलीया, तर इस्टेट केवढी आसंल की!" असं म्हणत होते म्हणे. बलभीमच्या दारातला मांडव बघून आबासाहेबांचा नुसता जळफळाट झाला.

एप्रिल उजाडला. बायकोनं घरपट्टीचे पैसे काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले.

 

"राहू दे यंदा," आबासाहेब म्हणाले. "दोन पोरांची लग्नं व्हायची हायती."