बाहेरची कडी

बालसंरक्षण अधिकारी सुमेधा खांडेकरांची ही तिसरी आणि शेवटची भेट. सगळं ठीक दिसलं, तर सात वर्षांच्या ईशानीचं नाव आज जोखमीतल्या मुलांच्या यादीतून निघणार होतं.

आईवडिलांमागे तिला सांभाळणाऱ्या काकांनी चहा पुढे केला. "मॅडम, शाळा रोज चालू आहे. वजनही वाढलंय." ईशानी शेजारीच बसली होती. प्रत्येक प्रश्नाला ती आधी काकांकडे बघायची, मग हसून उत्तर द्यायची.

सुमेधाताईंनी तिची खोली पाहिली. खोली नीटनेटकी होती. पण दाराला बाहेरून नवी कोरी कडी बसवली होती.

"आम्ही बाहेर पडलो की मांजराला इथे कोंडतो," काका म्हणाले.

"काय नाव गं तुझ्या मांजराचं?" ताईंनी सहज विचारलं.

ईशानीने काकांकडे पाहिलं. हे उत्तर तिला कोणी शिकवलं नव्हतं. "आपल्याकडे मांजर नाहीये," ती हळूच म्हणाली.

ताईंनी फाईल मिटली. "हिला मी आत्ताच बालकल्याण समितीपुढे नेतेय."

काका काही बोलायच्या आत ईशानी चप्पल घालून दारात उभी होती. कुठे जायचंय, हे तिनं विचारलंही नाही.