बोलवावं लागलं नाही

"आजपासून पाणीयोजना ग्रामपंचायतीची," असं सांगून जिल्ह्याचे साहेब पंपघराची किल्ली सरपंच तान्हाबाई धिंदळे यांच्या हाती देऊन गेले. डोंगरावरच्या त्या छोट्या गावात पंपातलं कळणारं माणूसच नव्हतं. आठवड्यात मोटर बंद पडली आणि बायका पुन्हा झऱ्यावर हंडे घेऊन जाऊ लागल्या.

तान्हाबाई खालच्या मोठ्या गावात गेल्या. तिथल्या पंचायतीकडे स्वतःचा मेकॅनिक होता. "आमच्याकडं कुणीच नाही हो," एवढं बोलतानाही त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथले सरपंच वाकचौरे म्हणाले, "ताई, अधिकार सगळ्यांना सारखे दिले, माणसं कुठं सारखी दिली?" आणि त्यांनी लगेच आपल्या मेकॅनिकला, रफिकभाईंना, सोबत पाठवलं.

रफिकभाईंनी मोटर सुरू केली, पण ते निघाले नाहीत. गावातल्या संगीता आणि भीमाबाईला शेजारी बसवून त्यांनी ती पुन्हा खोलली. "आता तुम्ही जोडा." पुढं दर बाजाराच्या दिवशी ते येत राहिले, दोघींना शिकवत राहिले.

उन्हाळ्यात गावात लग्न होतं आणि नेमका तेव्हाच पंप अडला. दोघी भरजरी साड्यांचे पदर खोचून पंपघरात शिरल्या. पंगती बसायच्या आत नळाला पाणी आलं.

तान्हाबाईंनी फोन लावला. "रफिकभाई, आज पंप बंद पडला होता. तुम्हाला बोलवावं लागलं नाही."

"मग आता जेवायला तरी बोलवा की," पलीकडून रफिकभाई म्हणाले.