काढण्याचं कारण

थोरल्या नातीचं लग्न झालं त्याच वर्षी, वयाच्या एकाहत्तरीत, मी लिहायला शिकलो. मेम्फिसच्या आमच्या चर्चमध्ये मिस ओडेसा बेसबॉलच्या बातम्या पुढ्यात ठेवून शिकवायच्या. स्वतःच्या घरचं त्या कधीच काही बोलल्या नाहीत.

क्लीटसच्या सलूनमध्ये आम्हा म्हाताऱ्यांची फोनवरची लीग चाले. खरे खेळाडू आपल्या टीममध्ये घ्यायचे. ते मैदानावर खेळतील तसे आपल्याला गुण. कोणाला काढलं, तर कारण लिहून आरशाला चिकटवायचं, हा आमचा नियम. ऑगस्टमध्ये मी डॅरेल टिब्सला काढलं. शेवटच्या डावात चेंडू टाकायला येऊन हाती आलेला सामना राखायचा, हे त्याचं पंधरा वर्षांचं काम. पण सलग चार सामने त्याने घालवले होते.

"रूफस, आता साक्षर झालास ना? मग लिही की स्वतः!" क्लीटस म्हणाला.

मी लिहिलं, ‘वय अडतीस. हात मेलाय. लक्ष भलतीकडे. लाज असेल तर आईजवळ घरी बसावं.’

चिकटवण्याआधी ऐटीत मिस ओडेसांना तपासायला दिलं. डोक्याचा रुमाल सारखा करत त्यांनी ते दोनदा वाचलं.

"एकही चूक नाही, मिस्टर रूफस," त्या म्हणाल्या. "चिकटवा."

मी चिकटवलं. सगळे पोट धरून हसले.

 

मिस ओडेसा चार सप्टेंबरला कॅन्सरने गेल्या. ऑगस्टभर दोन सामन्यांच्या मधे विमानाने येऊन त्यांच्याजवळ घरी बसणारा त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे डॅरेल टिब्स.