कप्तानाची पहिली फेरी

लोखंडी दांडी छातीवर खटकन बसली आणि कप्तानाच्या लक्षात आलं, की आता उतरणं आपल्या हातात नाही. बावीस वर्षं हीच दांडी तो दुसऱ्यांच्या अंगावर बसवत आला होता.

"घाबरू नका, घाबरू नका, असं दर फेरीला भोंग्यावरून सांगता ना?" शेजारी बसलेली बायको म्हणाली. "आता स्वतःला सांगा."

बागेतल्या या रोलर कोस्टरचा तो चालक. बटण त्याचं, ब्रेक त्याचा, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. पण कप्तान स्वतः एकदाही त्यात बसला नव्हता. दर लग्नाच्या वाढदिवसाला बायको एकटीच फेरी मारून यायची आणि हा खालून हात हलवायचा. "मशीन सोडून कसा येऊ?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

महिन्यापूर्वी मूतखड्याने गाठलं आणि सगळा रुबाब उतरला. कळ आली की कप्तान केबिनमध्येच गडाबडा लोळायचा. पाच मिलिमीटरचा खडा. "केबिन सोडावी लागते म्हणून पाणीच पीत नव्हतात. मग दुसरं काय होणार?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला लावलं, दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला बजावलं. महिन्यात पडला तर ठीक, नाहीतर त्यानंतरच्या शुक्रवारी दुर्बीण घालून काढायचा. ती दुर्बीण कुठून घालतात हे कळल्यापासून कप्तानाची झोप उडाली होती.

आज गुरुवार. कालच सोनोग्राफी झाली होती, रिपोर्ट आणायचं बायकोने अंगावर घेतलं होतं. सकाळी सकाळी तीच म्हणाली, "असल्या गाडीत बसून कुणाचा तरी खडा पडला म्हणे. पेपरात आलं होतं. हे करा, नाहीतर उद्या दुर्बीण आहेच."

कप्तानाने वर रुळांकडे पाहिलं, मग दुर्बीण आठवली आणि निमूटपणे डब्यात जाऊन बसला. बाग अजून उघडायची होती. शेजारच्या आकाशपाळण्याच्या चालकाने बटण दाबलं.

डबा खडखडत चढला, शेंड्यावर जरा थबकला आणि सुटला. कप्तानाला सगळे देव आठवले. मग त्याने डॉक्टरांना यथेच्छ शिव्या घातल्या. मोठ्या वळणावर बायकोचा हात घट्ट धरला, आणि काय झालं कोण जाणे, त्याला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. बायको तर पहिल्यापासूनच खिदळत होती.

डबा खाली येऊन थांबला.

"पुन्हा सोड रे," कप्तान म्हणाला. "खडा हट्टी आहे. एका फेरीत नाही ऐकायचा."

पाच फेऱ्या झाल्या. उतरला तेव्हा तोंडावरचं हसू काही केल्या मावळत नव्हतं. मग एकदम उद्याचा दिवस आठवला. "पडला असेल का गं?" त्याने हळूच विचारलं.

बायकोने पर्समधून कागद काढून त्याच्या हातात दिला. "रिपोर्ट काल संध्याकाळीच आणला. खडा आधीच पडून गेलाय. डॉक्टर म्हणाले, पाण्याने काम केलं, आता पाणी सोडू नका."

कप्तानाने कागद दोनदा वाचला. "मग मला कशाला बसवलंस?"

"बावीस वर्षं शेजारची जागा रिकामी घेऊन फिरले हो," बायको म्हणाली. "खड्याशिवाय बसला असतात का?"