दोन पेट्या, दोन डोकी

नवराबायकोचा अबोला इतका मुरला होता की निसर्गोपचार केंद्रातही दोघं डॉक्टरीणबाईंमार्फतच बोलत होते.

"डॉक्टर, यांना सांगा, रात्रभर घोरतात."

"हिला सांगा, हिच्या बांगड्यांनी मला झोप लागत नाही, मग घोरतो कोण?"

बाईंनी दोघांना शेजारशेजारच्या वाफेच्या पेट्यांत बसवलं. गळ्यापर्यंत झाकणं लावली, बाहेर राहिलेल्या दोन डोक्यांवर ओले टॉवेल ठेवले आणि त्या दाराबाहेर जाऊन थांबल्या.

थोड्या वेळात नवऱ्याच्या टॉवेलचा एक सुटा दोरा नेमका नाकावर येऊन वळवळू लागला. हात तर पेटीत बंद. त्याने नाक मुरडलं, गाल फुगवले, जीभ नाकापर्यंत पोचते का तेही पाहिलं. शेवटी शरण आला.

"अगं ए, फुंकर मार ना जरा!"

बायकोने आधी तोंड फिरवलं. मग हळूच डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि तिला हसू फुटलं. हसता हसता मारलेली फुंकर कधी त्याच्या कानात जाई, कधी डोळ्यात.

"नाकावर गं बाई, नाकावर!"

"मग हलू नका की मेलं!"

दोघं इतके खिदळत होते की पेट्या गदागदा हलायला लागल्या. घरी निघाले तेव्हा कुणी कुणाला बोलू देत नव्हतं.

तेवढ्यात पुढचं जोडपं आत आलं. दोघांची तोंडं दोन दिशांना.

 

बाईंनी कपाटातून नवाकोरा टॉवेल काढला आणि त्याच्या काठाचा एक दोरा अलगद ओढून लोंबता सोडला.