स्टूल ठेवलेली जागा

रॅम्पला लागून असलेल्या राखीव जागेत, जमिनीवर रंगवलेल्या चाकाच्या खुर्चीवर, एक लाकडी स्टूल ठेवलेलं होतं. प्राध्यापिकाबाईंनी गाडी थांबवून हलकेच हॉर्न वाजवला. स्टूल कसलं हलतंय. शेजारी उभा असलेला नवा वॉचमन मात्र खिडकीशी आला. इथे गाडी लावायची नाही, त्याने सांगितलं, ही जागा अपंगांची आहे.

"माहीत आहे. मीच ती," बाई हसून म्हणाल्या.

हसू यावं असाच दिवस होता. पायाच्या ऑपरेशननंतर अख्खं सत्र अंथरुणात काढून त्या आज पहिल्यांदा विद्यापीठात आल्या होत्या, तेही थोरल्या बहिणीला न सांगता. विभागप्रमुखांनी फोनवर गोड शब्दांत बजावलं होतं की आज पहिल्या तासाला उभ्या राहिलात तर विषय तुमचा, नाहीतर वर्षभरासाठी दुसऱ्याला देऊन टाकतो. घंटा आता होईल की मग होईल अशी वेळ. रॅम्पपासून वर्ग हाकेच्या अंतरावर होता. पण गाडी खालच्या मैदानात लावली, तर तो चढ चढून येईपर्यंत तासही गेला असता आणि नुकता सांधलेला पायही.

वॉचमनने कार्ड मागितलं. आरशाला टांगायचं ते निळं कार्ड. ते ताईकडे होतं. ताई इथेच हिशेब विभागात होती, आणि ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात ने-आण करायला सोपं जावं म्हणून तिने ते आपल्या गाडीत नेलं होतं. काल मागितलं तर म्हणाली, कुठेतरी ठेवलंय गं, सापडत नाहीये, आणि तुला एवढी घाई कसली, अजून महिनाभर पडून राहा की. बाईंनी बरं म्हणून फोन ठेवला होता. ताईचं हे पहिल्यापासून असंच. धाकटीच्या काळजीने अर्धी व्हायची. शाळेच्या वाटेवर तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेऊन तिच्याच पावलाने चालायची, आणि मागून कोणी पोरगं धाकटीच्या चालीची नक्कल करताना सापडलं, तर त्याचे कान लाल केल्याशिवाय सोडायची नाही.

कार्ड आत्ता जवळ नाही, बाई म्हणाल्या. वॉचमनने असल्या सबबी पुष्कळ ऐकल्या होत्या. परवा एकाने तर पायाला रुमाल बांधून दाखवला होता म्हणे. ही जागा एका मॅडमची, त्या रोज याच वेळेला येतात, बिचाऱ्यांचा पाय अधू आहे, त्यांचे हाल बघवत नाहीत. जागा कोणी बळकावू नये म्हणून तो आपलं बसायचं स्टूल तिथे ठेवतो आणि सकाळभर स्वतः उभा राहतो.

बाईंना त्याचा राग येईना. उलट कौतुकच वाटलं. आपल्या जोडीला आणखी कोणी आली म्हणायची इथे. त्याला पायाला बांधलेला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर दाखवावा म्हणून त्यांनी दार ढकललं, पण ताठ पाय बाहेर काढायला दार पुरतं उघडावं लागतं, आणि इथे रॅम्पचा कठडा आड येत होता.

"आल्या बघा मॅडम," वॉचमन म्हणाला आणि स्टूल उचलायला धावला.

बाईंच्या गाडीला वळसा घालून मोकळ्या झालेल्या जागेत शिरली ती गाडी ताईची होती. आरशाला निळं कार्ड डुलत होतं. बाईंचं मन तरी इतकं वेडं, की कार्ड सापडलं वाटतं हिला, असंच त्यांच्या मनात आलं आणि बरं वाटलं. ताई गाडीतून टुणकन उतरली, दार लावलं. तेवढ्यात स्टूल कडेला ठेवून वॉचमन वळला, आणि ताईचा डावा हात गुडघ्यावर गेला.

हात गुडघ्यावर, खांदा खाली, पाऊल बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे. दर दुसऱ्या पावलाला खालचा ओठ दातांत. बाईंनी ती चाल दुकानांच्या काचांमध्ये ओझरती पाहिली होती तेवढीच, पण ओळखायला वेळ लागला नाही. ती त्यांची स्वतःची होती. इतकी वर्षं शेजारून चालून ताईने ती हुबेहूब उचलली होती. महिनाभर पडून राहा म्हणजे काय, ते आता कळलं. केसाने गळा कापतात तो असा, आणि कशासाठी, तर गाडी लावायच्या जागेसाठी.

वॉचमनने पुढे होऊन ताईची बॅग घेतली. दोघं बाईंच्या उघड्या खिडकीजवळून जाऊ लागली तेव्हा ताईची नजर आत गेली. ती थबकली. हात गुडघ्यावरून सुटला. काय झालं म्हणून वॉचमनही मागे वळला.

"पाय फार दुखतो का गं, ताई?" बाईंनी विचारलं.

ताईने वॉचमनकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या बॅगेकडे पाहिलं. मग हात पुन्हा गुडघ्यावर ठेवला.

"हो, मॅडम," ती म्हणाली. "आज जरा जास्तच."

आत तासाची घंटा झाली. वॉचमनने मोकळ्या हाताने बाईंना खालच्या मैदानाचा रस्ता दाखवला, आणि ताई रॅम्प चढून गेली, एकही पाऊल न चुकवता.