पालखी टेकली तिथं

"पालखी रस्त्याखालच्या बोगद्यातून न्या. गाड्या थांबणार नाहीत," मुंबईहून किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांकडे जाणारा हमरस्ता कठड्यावरच्या भोंग्यातून बोलला. आपली वाहतूक तो यंत्राच्या बुद्धीनं स्वतःच चालवायचा.

"म्हणजे देवीच्या डोक्यावरून गाड्या जाणार?" मानकरी गुणाजी खोत भडकले. "आई वाटेनं जाते, बिळातून नाही!"

पलीकडे समुद्राच्या अंगाला भागीरथी तांडेल ओटी घेऊन दारात उभी होती. रस्ता झाल्यापासून शिमग्याची पालखी तिच्या घरी गेलीच नव्हती.

ढोल घुमला. गुणाजींनी कठडा ओलांडला, मागून पालखी आणि सारा गाव. बिनचालकाची पहिली गाडी करकचून त्यांच्या गुडघ्याशी थांबली. मागं रांग लागली.

"किती वेळ लागेल?" रस्त्यानं विचारलं.

गुणाजींनी पालखी भर रस्त्यात टेकवायला लावली.

"ऐक. पालखी एकदा जिथं टेकते, तिथं ती दर शिमग्याला टेकते. ही आमची रीत. तूही म्हणे एकदा शिकलेलं विसरत नाहीस?"

"नाही विसरत."

"मग हे शीक," गुणाजी म्हणाले, आणि पालखी खांद्यावर घेऊन भागीरथीच्या अंगणाकडे निघाले.